रक्ताचा दाब वाढला की महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी) फुगते, पण बारीक धमन्या उलट आकसतात. असं का?

कारण बारीक धमनीच्या भिंतीत लवचिक पदर कमी आणि स्नायू जास्त असतो. महाधमनीत इलॅस्टिनचे (रबरासारखं ताणून मागे येणारं प्रथिन) डझनावारी पापुद्रे एकावर एक, म्हणून ती ठोक्यागणिक फुगते आणि मागे येते. बारीक धमनीत आतून इलॅस्टिनचा जेमतेम एक पदर आणि त्याभोवती बांगड्यांसारखे गोल मृदू स्नायू. भिंत ताणली गेली की हे स्नायू आपणहून आवळतात. बेलिस या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हे १९०२ मध्येच मांडलं.

मी परळला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते. स्लाइडवर बारीक धमनीतला तो इलॅस्टिनचा पदर साडीच्या निऱ्यांसारखा दिसला की मुलं स्लाइड बिघडली म्हणतात! बिघडलेली नसते, धमनी आकसलेली असते. जिवंतपणी दाबाखाली त्या निऱ्या बऱ्याच उलगडलेल्या असतात. बाहेरचं कोलॅजेनही (चिवट तंतूंचं प्रथिन) असंच: कमी दाबाला सैल, नागमोडी, दाब चढला की तंतू ताठ होतात आणि भिंत एकदम कडक. फुटण्यापासून वाचवतं ते हेच.

शिवाय बारीक धमनीची पोकळी अरुंद आणि त्या मानाने भिंत जाड, त्यामुळे लाप्लासच्या नियमाने (भिंतीवरचा ताण = दाब × त्रिज्या ÷ भिंतीची जाडी) तेवढ्याच दाबाला भिंतीवरचा ताण कमी पडतो, म्हणून स्नायूला आवळणं झेपतं. आणि त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला रोध १६ पट.

फक्त एक, हे आकसणं स्नायू जागा असतानाच. स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवलेली धमनी आकसत नाही, नुसती ताणली जाते. प्रयोगाचा आलेख वाचताना आधी तेवढं बघा.