वाचकांचे प्रश्न : कथेचे सूत्र आणि कथेची जागा

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात नुकतीच अण्णाभाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेवर चर्चा झाली. आशयसूत्र काय, असे विचारल्यावर काहींनी ‘बेकारी’ असे सांगितले, तर काहींनी ‘लोभाचे फळ वाईट’ असे. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटली, पण का ते सांगता आले नाही. वातावरणाविषयी तर ‘वर्णन प्रभावी आहे’ यापलीकडे कोणी गेले नाही. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असतो का?

उत्तर : ‘बेकारी’ हा त्या कथेचा विषय झाला आणि ‘लोभाचे फळ वाईट’ हे तात्पर्य; आशयसूत्र, म्हणजे कथेला बांधून ठेवणारा मध्यवर्ती विचार, या दोहोंहून वेगळे असते. कथेतून बोध काढण्याची सवय आपल्याला शाळेतल्या प्रश्नपत्रिकांनी लावली आहे आणि ती पन्नाशीतही सुटत नाही. येथे तर तो बोध चुकीचाही आहे, कारण कथेचा नायक भीमा लोभापायी स्मशानात गेलेला नाही. मुंबईच्या उपनगरातली दगडाची खाण बंद पडते, त्याचे काम जाते, आणि पोटाची चिंता घेऊन भटकत असताना चितेच्या राखेत त्याला सोने सापडते. तेथून त्याचा नवा धंदा सुरू होतो.

आता वातावरणाकडे पाहा. या कथेत खाण आणि मसणवट अशा दोन जागा आहेत, आणि दोन्हीकडे राबणारे हात एकाच माणसाचे आहेत. दगड फोडणारी ताकद आता राख चाळते, ताजी मढी उकरते. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. भीमाचा सगळा हिशेब या रीतीवर चालतो, म्हणजे येथे रूढीसुद्धा वातावरणाचाच भाग आहे. रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. हा प्रसंग नुसता अंगावर काटा आणण्यासाठी असता तर तो भयकथेत शोभला असता. पण एका प्रेतावर हक्क सांगणारे दोन भुकेले जीव समोरासमोर आले की माणूस कोठे संपतो आणि जनावर कोठे सुरू होते, हा प्रश्न लेखकाने एक शब्दही न बोलता उभा केलेला असतो. पुढे प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात, दोन बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

आता ही कथा मनातल्या मनात दुसरीकडे हलवून पाहा. भीमाला कचेरीतला कारकून करा, स्मशानाऐवजी सावकाराची तिजोरी ठेवा. बेकारी हा विषय तसाच राहील, लोभाचे तात्पर्यही जमून जाईल. पण जिवंत माणसाला जगण्यासाठी मेलेल्यांच्या दारात उभे राहावे लागते आणि मेलेला अखेर त्याची कमावती बोटेच घेऊन जातो, हे मात्र नाहीसे होईल. जागा हलवल्यावर जे हरवते, त्याच्या आसपास सूत्र असते, असे मला वाटते. मंडळात पुढची कथा घ्याल तेव्हा सूत्र विचारण्याआधी हा खेळ करून पाहावा. सगळ्याच कथांना तो लागू पडत नाही. काही कथा बंद खोलीतल्या संभाषणावर उभ्या असतात आणि तेथे जागेपेक्षा वेळ महत्त्वाची ठरते.

प्रश्न : माझी कोकणातली कथा एका दिवाळी अंकाकडून ‘वातावरण उपरे वाटते’ अशा शेऱ्यासह परत आली. माझे आजोळच तिकडचे आहे. मग ते उपरे कसे? कथा सोबत पाठवत आहे.

उत्तर : कथा वाचली. पहिल्याच परिच्छेदात लाल माती, नारळी-पोफळी आणि समुद्राची गाज असे तिन्ही आले आहे. हे सगळे खरेच आहे, पण ते दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यालाही दिसते, आणि तुमच्या कथेतल्या आजीच्या मनात काय चालले आहे याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. उलट, तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेला आहात की मे महिन्यातल्या दुपारी मामा वाटणीच्या कागदावर सही मागायला उभा असतो आणि आभाळात मळभ दिसताच आजी त्याला तसाच ठेवून अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं गोळा करायला धावते. येथे कोकण आहे, आजीची टाळाटाळही आहे आणि तिच्या हातातून निसटत चाललेला काळही आहे. भिजली तर सोलं फुकट जातील, हे तिला मामापेक्षा जास्त कळते. पहिली दोन पाने काढून टाका आणि कथा त्या मळभापासून सुरू करा. मामा सहीसाठी आणलेले पेन खिशात ठेवून सोलं उचलू लागतो की ओटीवरच थांबतो, हेही तुम्ही सांगितलेले नाही. ते सांगायला हवे.