‘हायवे टच’ आठ एकर: टोकन देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, जागा पुरत नाही. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या बाजूला आठ एकर शेतजमीन मिळतेय, दर चिंचोळी एमआयडीसीतल्या प्लॉटपेक्षा खूपच कमी. एजंट म्हणतो, ‘हायवे टच, पाणी भरपूर, एनए (बिगरशेती) होऊन जाईल.’ घ्यावी का?

मी बावीस वर्षं शेड उभारणीच्या धंद्यात आहे. लोकांच्या जमिनी बघत चपला झिजवल्यात आणि एकदा स्वतःचे पैसेही अडकवून घेतलेत. बांधाच्या आत काय आहे ते एजंट दाखवतोच, पण कारखाना चालतो तो बांधाबाहेरून येणाऱ्या रस्ता, वीज, पाण्यावर. तुम्ही रंगाईही तिथंच करणार म्हणताय, म्हणजे बाहेर जाणारं सांडपाणीही आलं.

आधी रस्ता. गट खरोखर हायवेला लागून आहे की मधे दुसऱ्याचा गट आहे, हे गटनकाशात बघा, एजंटच्या मोबाइलमधल्या नकाशात नाही. मी फसलो ते इथंच. जमीन डांबरीपासून तीनेकशे मीटर आत होती. विकणारा म्हणाला, ‘आजोबांपासूनची वाट आहे.’ ती होतीच. पहिला ट्रेलर शेडचे लोखंडी कॉलम घेऊन आला आणि वळणावरच्या लिंबाशी अडला, मागची चाकं शेजाऱ्याच्या तुरीत. शेजारी बाजेवरून उठले, ड्रायव्हरला पाणी दिलं, मला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, ‘मालक, बैलगाडीला वाट आहे. ह्याला नाही.’ त्यांचं काहीच चूक नव्हतं. तहसीलदार जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता देतात तो शेतीच्या वहिवाटीसाठी, चाळीस फुटी ट्रेलरसाठी नव्हे. शेवटी दोन गुंठ्यांच्या पट्टीला मी जो भाव मोजला, तो आजही घरात सांगत नाही.

गट अगदी हायवेला चिकटून असला तरी सगळी जमीन बांधकामाला मिळत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून साधारण 40 मीटरवर इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा (तिच्या आत परवानगीनंच) धरतात. शिवाय हायवेवर गेट काढायला महामार्गवाल्यांची वेगळी परवानगी लागते. तेवढी पट्टी वजा करून आठ एकरांतलं काय उरतं ते कागदावर काढा, मग दराचं बोलू.

सीनेबद्दल विकणाऱ्याला विचारूच नका. 2025च्या सप्टेंबरात लांबोटीजवळ सीनेच्या पाण्यानं पुणे हायवे बंद पडला होता, तेव्हा हे शेत कुठं होतं, ते पलीकडच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना विचारा. जलसंपदा खात्याकडून पूररेषाही काढा. दुष्काळी जिल्हा म्हणून आपण पुराचा विचारच करत नाही.

मातीसाठी मी एक सोपी गोष्ट करतो. जवळच्या विहिरीत डोकावतो. काठापासून काळी माती किती फूट, खाली पिवळसर चुनखडी, मग मुरूम, मग खडक, सगळं कडेला उघडं दिसतं. काळी आठ-दहा फूट निघाली तर पायाचा खर्च वाढला समजा. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. मे महिन्यात भेगांत कोपरापर्यंत हात जातो तिथं मागांखालचं फ्लोअर सपाट ठेवणं सोपं नाही. मुरूम दोन-तीन फुटांवर असेल तर शेतकरी जिला हलकी म्हणतो तीच आपल्याला भारी. सॉइल टेस्ट मात्र तरीही करायचीच.

विजेच्या बाबतीत ‘खांब शेतात आहे’ हे ऐकून खूश होऊ नका. तो शेतीपंपाचा फिडर असतो, थ्री फेज ठरावीक तासच. 33/11 केव्ही उपकेंद्र किती लांब आहे, तिथं क्षमता शिल्लक आहे का आणि स्वतंत्र फिडरचा खर्च किती, हे महावितरणकडून लेखी घ्या. वरून टॉवर लाइन जात असेल तर 220 केव्हीखाली 35 मीटर आणि 400 केव्हीखाली 46 मीटर रुंदीचा पट्टा गेला.

पाणी भरपूर म्हणजे कधी? डिसेंबरात सगळ्यांच्याच बोअरला असतं. मेमध्ये सलग पंप चालवून बघा आणि नमुना तपासून घ्या. त्या शेतावरच्या चहाच्या पातेल्याचा तळ बघितलात तरी कळेल. पांढरं पुट धरलं असेल तर पाणी कठीण, रंग एकसारखा बसणार नाही. रंगाई प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात मोडते, तेव्हा बांधकामाआधीच संमती घ्यावी लागेल. सांडपाणी सीनेत सोडण्याचा विचारही नको.

कागदांचं वकील बघेल, पण सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना स्वतः वाचा. वर्ग-2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळ, वतन, बोजा हे सगळीकडेच बघतात. आपल्याकडे उजनी धरणाच्या लाभक्षेत्रामुळे पुनर्वसनाचा शेराही अनेक सातबाऱ्यांवर आहे, तो असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. कुळकायद्याचं कलम 63-1अ उद्योगासाठी बिगरशेतकऱ्यालाही जमीन घेऊ देतं, पण जमीन उद्योगाला चालणाऱ्या झोनमध्ये हवी आणि मुदतीत वापर सुरू व्हायला हवा. म्हणून नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आधी. दुसऱ्या बाजूच्या जमिनी बघत असाल तर नान्नजकडे माळढोक अभयारण्य आडवं येईल आणि होटगीकडे विमानतळ. बॉयलरच्या चिमणीच्या उंचीबद्दल सोलापूरकराला मी काय सांगावं, 2023चा जून आठवा, विमानतळाला अडसर म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तो.

माझं मत विचाराल तर आधी चिंचोळीत हस्तांतराला आलेला प्लॉट शोधा. 95 वर्षांचा भाडेपट्टा असला तरी रस्ता, वीज, पाणी दारात असतं. तो जमलाच नाही तर ह्या आठ एकरांच्या हद्द कायम मोजणीचा अर्ज विकणाऱ्याला भरायला लावा, फी तुम्ही द्या. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंचे शेजारी नोटिशीनं हजर राहतात. कोण कुठल्या खुणेवरून भांडतो ते झाडाखाली उभं राहून ऐका. टोकन त्यानंतर.