काझाला निघालाय, तर कूलंट आधी बघून घ्या

प्रश्न: डिसेंबरात आम्ही चौघं मित्र कारनं शिमला-किन्नौर करत हिमाचलातल्या काझाला निघालोय. गाडी पेट्रोल, आठ वर्षं जुनी. उद्यमनगरातला आमचा मेकॅनिक म्हणतोय रेडिएटरमध्ये साधं पाणी चालतंय, मित्र म्हणतोय पाणी अजिबात नको, निव्वळ कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) भर, आणि दुकानदारानं थंडीसाठी म्हणून ॲडिटिव्हची (वरून मिसळायच्या द्रवाची) एक बाटली हातात दिलीय. कुणाचं ऐकू? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: दादा, तिघांचंही ऐकू नका. मेकॅनिकचं कोल्हापूरपुरतं खपून जातंय, कारण आपल्याकडं ऐन जानेवारीत पहाटेसुद्धा पारा सहसा १४-१५ च्या आसपास, पाणी गोठायचा प्रश्नच नाही, पण बोअरचं पाणी भरलं तर आत क्षार धरतात आणि गंज चढतो तो वेगळाच. काझ्यात मात्र रात्री उणे २० च्याही खाली जातंय. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतंय, फ्रीजरमध्ये काचेची बाटली काठोकाठ भरून ठेवल्यावर जे होतंय तेच इंजिनच्या ब्लॉकचं होतंय, आणि ब्लॉक तडकला तर ट्रिपच काय, गाडीचाच हिशेब संपला म्हणायचा.

आता मित्राचं. कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल, आणि गंमत अशी की ते निव्वळ भरलं तर उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतंय! निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी केलं की तेच उणे ३७ पर्यंत तग धरतंय. काझासाठी ५०-५० पुरे, फार तर ६० टक्के कूलंट करा, त्याच्या वर जाऊ नका, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता ओढून नेत नाही, घाट चढताना इंजिन उगाच तापंल.

राहिली बाटली. ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. गंजरोधक असंल, नाहीतर इंजिन थंड ठेवणारं, नाहीतर गळती बंद करणारं, यातलं एकही गोठणबिंदू खाली आणत नाही. चांगल्या कूलंटमध्ये गंजरोधक आधीच घातलेलं असतंय, वरून आणखी ओतून फायदा नाही, झाला तर गाळच. त्यातल्या त्यात गळती बंद करणाऱ्या पावडरीवर माझा लई राग आहे, ती भोक बुजवते तशी हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते आणि काझ्यात तुम्हाला हीटरच तर पाहिजे. गळत असंल तर होज (रबरी नळी) बदला. आणि कुणी स्पिरिट किंवा मीठ घाला म्हटलं तर हात जोडून निघून या, एक पेट घेतंय, दुसरं धातू खातंय.

भरताना एक गोष्ट बरेच जण चुकतात. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये जुनं पाणी उरतंयच, वरून ५०-५० चं तयार कूलंट ओतलं की ते पातळ होऊन बसतंय. म्हणून मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा, समजा ५ लिटर असंल, तर डिस्टिल्ड पाण्यानं फ्लश केल्यावर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानं भरा. हीटर फुल्ल ठेवून इंजिन चालवा, हवा निघू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत कूलंटच्या टाकीची पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. मग रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून गोठणबिंदू वाचून घ्या, गॅरेजवाल्याकडं ते यंत्र नसंल तर दुसरं गॅरेज गाठा, अंदाजपंचे काझाला जाऊ नका. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आतलं पाणी दाबाखाली असतंय, तोंडावर येतंय.

प्रश्न: ट्रॅक्टरमध्ये हिरवं कूलंट आहे, दुकानात लालच मिळतंय. टाकू का? (एक शेतकरी, कागल)

उत्तर: रंगावर जाऊ नका, रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते. मॅन्युअलमध्ये कुठलं लिहिलंय ते बघा आणि तेच घ्या. वेगळ्या जातीची मिसळली तर गंजरोधक निकामी होतंय, कधी आत लगद्यासारखं साचतंय. अडचणीच्या वेळी थोडं डिस्टिल्ड पाणी टाकून घरी या, जात बदलायचीच असंल तर सगळं काढून, नीट फ्लश करून मगच.

प्रश्न: आमच्या ह्यांनी गाडीतलं जुनं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून अंगणात ठेवलंय, गटारात ओतू का? घरात कुत्रं आहे म्हणून विचारते. (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: ताई, पहिल्यांदा ती बाटली उचला, बाकीचं नंतर वाचा. हे गोड लागतंय, कुत्री-मांजरं चाटतात, पोरं सरबत समजून पितात, आणि थोडंसुद्धा पोटात गेलं तर किडन्या जातात. सुरुवातीला नुसतं दारू प्यायल्यासारखं झोकांडतंय, मग बरं वाटल्यासारखं होतंय आणि तिथंच माणूस फसतो. कुत्र्यानं चाटल्याचा नुसता संशय आला तरी लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं न्या, माणसाला असंल तर सरळ मोठ्या दवाखान्यात, घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, आणि सोबत कूलंटचा डबा घेऊन जा म्हणजे डॉक्टरला नाव कळतंय. यावर उतारा आहे, पण वेळेत दिला तरच.

गटारात तर नकोच, आपली गटारं शेवटी नाल्यातनं पंचगंगेलाच मिळतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक 'विष' लिहा आणि जुनं ऑइल परत घेणाऱ्या गॅरेजला विचारून तिकडं द्या. अंगणात सांडलं असंल तर माती टाकून टिपा, ती माती गोळा करून पिशवीत बांधा, मग भरपूर पाण्यानं फरशी धुवा, आणि तोवर कुत्र्याला आत बांधून ठेवा.