वाचक विचारतात: हवाई दलाची विमाने, इंजिनाची पाती आणि पुरातले हेलिकॉप्टर

प्रश्न : मिग-२१ निवृत्त झाल्यावर ४२ ऐवजी २९च लढाऊ स्क्वाड्रन उरल्या, असे वाचले. म्हणजे ताकद एक तृतीयांशाने घटली का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, राजारामपुरी)

तसा सरळ हिशेब मांडता येत नाही. ४२ हा मंजूर आकडा आहे. प्रत्यक्ष संख्या गेली अनेक वर्षे त्याच्या खालीच आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा ती २९वर आली. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने धरतात, पण विमान आणि विमान सारखे नसते. सुखोई-३०ला शस्त्रे टांगायला १२ जागा आहेत, मिग-२१ला ५ होत्या. अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र घेऊन सुखोई उडते, मिगला ते शक्यच नव्हते.

तरीही संख्येची चिंता खरी आहे, कारण चांगले विमानसुद्धा एका वेळी एकाच ठिकाणी असते. आकाशात एक विमान सतत गस्तीवर ठेवायचे, तर एक परतीच्या वाटेवर, एक निघायच्या तयारीत आणि एक दुरुस्तीत, असा ताफा मागे लागतो. राफेल ३६ आहेत, म्हणजे अंबाला आणि हाशिमारा इथल्या दोनच स्क्वाड्रन. आमच्या मते लढाऊ विमानांइतकीच काळजी पाठीराख्या विमानांची करायला हवी. हवेत इंधन भरणारी इल्युशिन-७८ फक्त ६ आणि दूरवर टेहळणी करणारी मोठी फाल्कन विमाने फक्त ३. यांतले एक जरी देखभालीसाठी जमिनीवर राहिले, तरी त्याचा परिणाम अनेक लढाऊ विमानांच्या पल्ल्यावर होतो.

प्रश्न : तेजस इंजिनाअभावी रखडले म्हणतात. आम्ही रोज टनांनी कास्टिंग ओततो, मग इंजिनाची पाती देशात ओतायला एवढी अडचण का? (फाउंड्रीचालक, शिरोली एमआयडीसी)

आधी रखडण्याचे कारण. तेजस मार्क-१एची मागणी २०२१मध्ये ८३ आणि २०२५मध्ये आणखी ९७, अशी १८० विमानांची आहे. त्यातल्या पहिल्या ८३साठी अमेरिकेतून येणाऱ्या एफ-४०४ इंजिनांचा ९९ नगांचा करार २०२१चा, पण पहिले इंजिन मिळाले मार्च २०२५मध्ये. सांगाडा तयार असूनही विमान उभेच राहते, ते यामुळे.

आता पात्यांकडे वळू. टर्बाइनच्या पुढच्या पात्यांवर येणारा वायू खुद्द पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षा गरम असतो. त्यात फिरण्याचा ताण एवढा, की ग्रेनच्या (धातूतल्या बारीक स्फटिककणांच्या) सीमांवर धातू हळूहळू ताणला जाऊन फाटतो. म्हणून सीमाच नको, अख्खे पाते एका स्फटिकाचे हवे. मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचे थर चढवतात आणि थंड हवेच्या वाटांसाठी आत सिरॅमिकचा कोअर ठेवतात. निकेलचा मिश्रधातू निर्वात भट्टीत वितळवून तापलेल्याच मोल्डमध्ये ओततात. मोल्डच्या बुडाशी पाण्याने गार ठेवलेली तांब्याची प्लेट असते. मग मोल्ड मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे भट्टीखाली उतरवतात. तळाशी अनेक ग्रेन सुरू होतात, पण वरची नळी नागमोडी असल्याने एकच पुढे सरकतो आणि पाते भरतो.

बिघडते कुठे? उतरवण्याचा वेग चुकला, की पात्याच्या बुडाशी रुंद भागात परका ग्रेन उगवतो. कोअर थोडा हलला, तर भिंत एका बाजूला पातळ होते आणि तिथेच पाते जळते. आपल्याकडच्या सवयीचा दोष तर फार घातक आहे. कास्टिंग साफ करायला जोरात शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांचा मारा) केले किंवा हातोडी मारली, तर पृष्ठभागाला बसलेला ताण पुढच्या हीट ट्रीटमेंटमध्ये नवे ग्रेन उगवतो. डोळ्याला काही दिसत नाही, ॲसिडने एचिंग केल्यावर कळते. कोअरसुद्धा ठोकून काढत नाहीत. दाबाखाली कॉस्टिकच्या द्रावणात विरघळवतात.

देशात हे होतच नाही, असे नाही. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने २०२१मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती विमाने बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीला दिली. पण प्रयोगशाळेतून निघणारे संच आणि दरमहा सातत्याने, कमी रिजेक्शनमध्ये निघणारा माल यांत मोठे अंतर आहे. कोल्हापूरच्या कारखान्यांनी एकदम पात्यांकडे न जाता जमिनीवरच्या उपकरणांची, मग विमानाच्या ब्रॅकेट-हाउसिंगची कास्टिंग घ्यावीत. त्यासाठी एएस ९१०० हे विमान उद्योगाचे दर्जा प्रमाणपत्र आणि प्रत्येक हीट नंबरचा (एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा) धातूच्या लॉटपासून एक्स-रेपर्यंतचा माग ठेवण्याची शिस्त लागते. ही शिस्त आजपासून लावता येते, त्याला नवी भट्टी लागत नाही.

प्रश्न : सुखोई अजून नाशिकला बनतात का? (वाचक, इचलकरंजी)

ओझरच्या कारखान्यात सुखोई बनल्या, त्यांची मोठी देखभालही तिथेच होते. तेजस मार्क-१एची नवी जोडणीही आता तिथे आहे. पुण्याच्या लोहगावला सुखोईंचा तळ आहे.

प्रश्न : महापुरात हेलिकॉप्टर आले तरी ते छतावर का उतरत नाही? सगळ्यांना एकदम का नेत नाही? (वाचक, शिरोळ तालुका)

एमआय-१७ रिकामे असतानाच सात टनांच्या वर भरते. घराचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. शिवाय पंख्याचा व्यास २१ मीटरहून जास्त, त्यामुळे जवळची झाडे आणि विजेच्या तारा आड येतात. म्हणून ते वरच थबकून दोराने माणसे उचलते. थबकून राहायला पुढे उडण्यापेक्षा जास्त शक्ती लागते, म्हणून वजनाला मर्यादा येते. परतीचे इंधनही त्याच वजनात बसवावे लागते.

गच्चीवर असाल तर सुटे पत्रे, ताडपत्री, कपडे आणि टीव्हीची डिश काढून ठेवा किंवा घट्ट बांधा. पंख्याच्या वाऱ्याने ते उडून पंख्यातच जातात. दोराचा हुक खाली येताच झडप घालू नका, त्यात साठलेल्या विजेचा झटका बसतो. तो आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. दोर कठड्याला कधीही बांधू नका. पट्टा काखेतून घातल्यावर हात खाली, अंगाशी ठेवा. हात वर केले, की माणूस पट्ट्यातून निसटतो. लहान मुलाला मोठ्या माणसाबरोबर कसे न्यायचे, ते खाली उतरलेला जवान सांगेल तसेच करा.