जो ओरडतो त्याला आधी देऊ नकोस

बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चहाला खाली आलास आणि फोन टीपॉयवर उपडा ठेवलास. पाऊण तासात तो नऊ वेळा थरथरला. मी मोजत होते, सवयच आहे ती. एका पतसंस्थेच्या वसुली खात्यात मी तीस वर्षं काढली, तेव्हा अशा फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच असायचे. कर्जदार फोन उचलत नाही म्हणजे काय करत असेल, हे आम्हाला न सांगता कळायचं. फोनकडे पाठ करून चहा पीत असायचा.

तोंडाने सांगितलं तर तू "हो काकू, हो काकू" करत जिना चढशील. म्हणून लिहिते आहे.

तू सांगितलंस त्यावरून माझा हिशोब असा. बाबांची अँजिओप्लास्टी झाली, विमा नव्हता. साठ हजार क्रेडिट कार्डावर गेले, दोन ॲपवरून कर्ज काढलंस, उरलेले गावच्या पतसंस्थेतून आणलेस. मग एका ॲपवाल्याने दिवसभर फोन करून भंडावलं, तुझ्या ऑफिसातल्या मुलीलाही फोन लावला. पगार खात्यात पडल्या पडल्या तू त्याला साडेआठ हजार देऊन टाकलेस. आता मेसचे थकलेत, खोलीतल्या तुझ्या कॉटचं भाडं थकलंय आणि फोन वाजतोच आहे, कारण दुसरं ॲप जागं झालंय.

तुझी चूक कर्ज काढण्यात नाही. बाप आयसीयूत असताना माणूस व्याजदर बघत बसत नाही. चूक झाली ती साडेआठ हजारांची.

आमच्या खात्याची एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. तारणी कर्जवाल्यांना आम्ही फारसे फोन करत नसू. सोनं आमच्याच तिजोरीत असायचं. नोटीस द्यायची, मुदत संपली की लिलाव. त्यासाठी आवाज चढवायची काय गरज? घसा कोरडा करायचा तो बिनतारणीवाल्यांपाशी. तिथे आमच्या हातात त्याची लाज सोडली तर चटकन धरता येईल असं काही नसायचं. साहेब मला मुद्दाम बरोबर न्यायचे. दारात बाई दिसली की पुरुषाच्या तोंडातली शिवी तोंडातच राहते, आणि घरातली बाई बाहेर येते. ती "बसा" म्हणाली की निम्मी वसुली झाली समजायची. अभिमानाने सांगण्यासारखं नाही हे, पण खरं आहे.

म्हणून लक्षात ठेव, ज्याच्या हातात काही असतं तो कागद पाठवतो आणि ज्याच्या हातात काही नसतं तो ओरडतो. तू आवाजाच्या क्रमाने पैसे दिलेस. क्रम उलटा करायचा आहे.

आधी भाडं, मेस आणि कंपनीत जायचा बसचा पास. हे तीन सुटले तर नोकरी सुटेल आणि मग कुणालाच काही मिळणार नाही. वीजबिलाबद्दल एवढंच, की मालक तुम्हा पाच जणांकडून जे जादा मागतोय ते बहुतेक महावितरणच्या अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल असेल. ते उन्हाळ्यात वेगळं येतं. ठेव मीटरवाल्याच्या नावावर जमा होते आणि तिचं व्याजही त्यालाच मिळतं, तेव्हा ती भाडेकरूंनी का भरायची, हे त्याला नम्रपणे विचार. पुण्यातला घरमालक आहे, उत्तर नम्र मिळेलच असं नाही.

त्यानंतर गावची पतसंस्था. तिचा फोन येत नाही म्हणून तू ती हिशोबात धरलीच नव्हतीस, बरोबर? मला धडकी भरली ती त्यानेच. त्या अर्जावर जामीनदार म्हणून तुझ्या मामाची सही आहे.

आमच्या घरातलं सांगते. ह्यांनी ऑफिसातल्या एका मित्रासाठी "नुसती सही" केली होती. मित्र बदली होऊन गेला, हप्ते थांबले, आणि तीन वर्षं ह्यांच्या पगारातून कपात होत राहिली. मी स्वतः वसुलीत काम करत होते बरं का, आणि नवऱ्याची सही मला कपात सुरू झाल्यावर कळली! कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला पिळा आणि मगच जामीनदाराकडे या, असं बंधन संस्थेवर नसतं. त्यात पतसंस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर जप्तीपर्यंत जाता येतं. आम्ही त्याला नुसतं "एकशे एक" म्हणायचो. तेव्हा या शनिवारी गावी जा, व्यवस्थापकाला समोरासमोर भेट आणि हप्त्याची मुदत वाढवून माग. थकायच्या आधी आलेला कर्जदार आम्हाला इतका क्वचित दिसायचा की त्याला आम्ही चहा पाजायचो.

आता ओरडणारे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना लिहून दिलंय, की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, घरच्यांना किंवा मित्रांना गाठून बेअब्रू करायची नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कंपनीचीच. कर्जाच्या ॲपला तुझ्या फोनमधले नंबर आणि फोटो चाळायलाही मनाई आहे. ऑफिसातल्या त्या मुलीचा नंबर त्यांना कुठून मिळाला, हा प्रश्न तू विचारायला हवा होतास. तू माफी मागितलीस.

पुढचा फोन उचल. उभा राहून बोल, आवाज आपोआप नीट निघतो. त्याचं नाव, एजन्सीचं नाव आणि कोणत्या कंपनीचं कर्ज ते विचार, आणि वहीत तारीख-वेळ टाकून लिही. मग सांग, "मला नोकरी आहे, कर्ज मान्य आहे, दर महिन्याच्या १० तारखेला दीड हजार भरू शकतो. तुमचं काय म्हणणं असेल ते मेलवर लेखी पाठवा." एवढं बोलून थांब. त्याला शांतता सहन होत नाही, तू ती भरायला जाऊ नकोस. दीड हजार ऐकून तो हसेल. हसू दे. जो "पुढच्या आठवड्यात सगळे देतो" म्हणायचा, त्याच्या नावापुढे आम्ही लाल फुली मारायचो. जो रडका आकडा सांगून तो तारखेला आणून द्यायचा, त्याच्या दारी जायचा कुणाला उत्साह नसे. पैसे मात्र कंपनीच्या खात्यातच भर, एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, आणि पावती घे.

त्या पोराशी उद्धट वागू नकोस. तोही कुठेतरी नवी पेठेत कॉट बेसिसवर राहत असेल आणि कमिशनवर मेसचे पैसे भरत असेल.

त्रास थांबला नाही तर ॲपच्या करारात कोणत्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव आहे ते शोध आणि तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ वर विचार, सांगतात. आणि करारात असं नावच सापडलं नाही तर ते कर्ज नव्हे, फसवणूक आहे. मग १९३० ला फोन, सायबरवाल्यांना.

"पोलीस घेऊन येतो" हे ऐकून तू पांढरा पडला होतास. हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. पण दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ ची फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी तसाच कायदा आहे. आधी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून सांगते, एखादा फोन चुकला तर चुकू दे, सही घेऊन मिळणारं टपाल परत पाठवू नकोस. पोस्टमन आला आणि तू कामावर असलास तर मला सांगून ठेव. कोर्टासारखी दिसणारी पत्रंही येतील, वर तराजूचं चित्र वगैरे. ती कुणी काढली आहेत ते बघायचं. शंका आली तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे कागद दाखव.

कार्डाचं बघ. महिना साडेतीन टक्क्यांनी साठ हजारांवर २,१०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. तू तीन हजार भरलेस की मुद्दल ५२२ रुपयांनी कमी होतं! त्यात बाकी शिल्लक असताना नवी खरेदी केलीस तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड कपाटात ठेव आणि बँकेकडे सगळी बाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून माग. पगार ज्या बँकेत येतो तिचंच कार्ड असेल तर सावध राहा, बँक थकबाकी खात्यातून वळती करून घेऊ शकते. कुणी "निम्म्यात मिटवू" म्हणालं तर मोह होईल. क्रेडिट रिपोर्टवर ते खातं "सेटल्ड" म्हणून राहतं आणि उद्या घरासाठी कर्ज मागशील तेव्हा समोर येतं. अगदीच गळ्याशी आलं तर तेही करावं, पण पत्र हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आईने पाटल्या काढून दिल्यात असं म्हणालास. इथे माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. सगळे सांगतात, विकू नका, गहाण ठेवा. सोडवायचे पैसे कुठून येणार हे ठाऊक असेल तरच गहाण. नाहीतर वर्षभर व्याज भरून शेवटी लिलावात जातात, मी असे कितीतरी दागिने जाताना पाहिलेत. त्यापेक्षा एक पाटली लक्ष्मी रोडला दोन-तीन दुकानांत दाखवून मोडीत दे आणि दोन्ही ॲपं कायमची बंद कर. घट किती धरतात ते प्रत्येक ठिकाणी विचार. दुसरी पाटली आईला परत.

तुझा तो मित्र ज्या दहा टक्केवाल्याचं नाव घेतोय, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. महिना दहा म्हणजे वर्षाला १२०. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्याकडून तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

आणि बाबांना पुन्हा तपासायला आणशील तेव्हा आधी विचार, दवाखाना धर्मादाय आहे का. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं ट्रस्टची आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. तलाठ्याकडे जाऊन तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. भरती करायच्या दिवशी तो मिळत नाही. दवाखान्यात समाजसेवा विभागाची खिडकी असते, कॅश काउंटरच्या आधी तिथे उभं राहायचं. मागच्या बिलाचाही तपशीलवार उतारा माग. मी शेजाऱ्यांच्या एका बिलात वापरलेल्यापेक्षा चौपट हातमोजे लावलेले पाहिलेत.

रविवारी दहाला ये. दोन्ही ॲपचे करार छापून आण, कार्डाची तीन महिन्यांची स्टेटमेंटं, मामाच्या सहीच्या कागदाची झेरॉक्स आणि एक दोनशे पानी वही. फोनही आण, उताणा ठेवायचा. त्याने वाजायला सुरुवात केली की पहिला कॉल माझ्यासमोर घ्यायचा, मी मध्ये बोलणार नाही. मेसमध्ये खाडा सांगून ये, जेवायला आमटी-भात आहे.

तुझी,
तळमजल्यावरची काकू