ती मैत्रीण कोण होती?

तुझं पत्र तीन पानी आहे आणि त्यातली अडीच पानं तू तुझ्या सहकारी प्राध्यापिकेवर खर्च केली आहेस. दोघींनी मिळून लिस्बनला तोर्रे दो तोंबोच्या पुराभिलेखागारात जायचं ठरलं, ऐन वेळी तिची रजा मंजूर झाली नाही, तू एकटी गेलीस. तीन आठवडे दिवसभर गोव्याचे जुने कागद वाचलेस आणि रात्री खोलीवर केळी, बिस्किटं आणि घरून नेलेले पोहे खाल्लेस. आता मार्चमध्ये पुन्हा पाच आठवडे जायचंय. ‘परक्या गावात एकटीनं जेवायला जायची भीती कशी घालवू, मावशी?’ असं विचारतेस.

सहकारी राहू दे बाजूला. तिच्याबद्दल मी एक शब्द लिहिणार नाही. मला तुझं एक वाक्य टोचतंय, जे तू कंसात टाकून पुढे निघून गेलीस: ‘(एकदा गेले होते, पण मैत्रीण येतेय असं सांगितलं आणि वीस मिनिटांनी उठून आले.)’

हे मी चारदा वाचलं. म्हणजे वेटरनं किती जण विचारलं आणि तू दोन म्हणालीस. त्यानं दोघींसाठी मेज मांडलं, पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवले. कुणी येणार नाही हे ठाऊक असताना तू वीस मिनिटं दाराकडे बघत बसलीस. पावाचा तुकडाही मोडला नसशील. मग तशीच भुकेली बाहेर पडलीस. मावशी म्हटलंस ना, मग मावशीसारखंच सांगते: वाचून मला आधी रडू आलं, मग तुझा राग आला.

अगं, आपल्याकडे वाढायच्या आधी ‘किती पानं?’ विचारतात, तसंच त्यानं विचारलं होतं. खुर्च्या किती लावायच्या एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं. ‘एकटीच का?’ हे लिस्बनमध्ये तुला कुणीही विचारलं नाही. तो प्रश्न तू गोव्यातून, आपल्या म्हापशाहून सोबत नेलास. तो इथला आहे. इथे बसस्टँडवर, जत्रेत, लग्नाच्या मांडवात ‘एकलीच? घरचीं खंय?’ असं हटकतात आणि आपण उभ्या उभ्या खुलासे देत बसतो. तू खोटं बोललीस ते या माणसांशी. वेटरच्या ते फक्त कानावर पडलं.

आणि गाव तरी कुठलं निवडलंस खोटं बोलायला! लिस्बनच्या तास्कांमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खानावळींत, दुपारी कामावरची माणसं एकेकटी येतात, काउंटरपाशी उभ्यानंच सूप नाहीतर बिफाना, म्हणजे पावात घातलेलं डुकराचं मांस, खातात आणि चालू लागतात. पदार्थांच्या यादीत पुष्कळदा ‘मेया दोझ’ लिहिलेलं असतं, म्हणजे अर्धं वाढप, कारण पुरं वाढप दोघांना सहज पुरतं. पाव-ऑलिव्ह न मागता येतात. खाल्लेस तर बिलात लागतात, नको असतील तर परत पाठवायचे, कुणाला राग येत नाही. काल्दु व्हेर्द मागव. बटाटा घोटलेल्या सुपात ‘कोव्ह’ची, म्हणजे कोबीच्या जातीतल्या पालेभाजीची, पानं केसासारखी बारीक चिरून घातलेली असतात. आपले बटाटा आणि कोबी हे दोन्ही शब्द त्या भाषेतून आलेत, हे मी तुला काय सांगायचं? शेकडो वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज कारकुनाचं गिचमिड अक्षर तुला लागतं आणि ‘उमा पेसोआ’, एक जण, एवढं तोंडातून निघत नाही?

लिस्बनच्या शियादू भागात ‘अ ब्राझिलेइरा’ कॅफेच्या बाहेर याच आडनावाच्या कवीचा, फर्नांदो पेसोआंचा, ब्राँझचा पुतळा आहे. १९८८ साली बसवलेला. ते मेजाशी एकटेच बसलेत आणि शेजारची ब्राँझची खुर्ची रिकामी आहे. तुझ्या समोर होती तशीच. फरक एवढाच की ते उठून गेलेले नाहीत.

पण मी तुला लिस्बनसाठी काही करायला सांगणार नाही. मार्च लांब आहे आणि भीतीचं घर तिथे नाहीच. येत्या शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला म्हापशाच्या बाजाराजवळच्या एखाद्या खानावळीत जा. ऐन गर्दीत. तुझे विद्यार्थी दिसतील, वाड्यावरची कुणी दिसेल, नेहमीची मासळीवाली दिसेल. आत शिरल्यावर ‘एकटीच आहे’ असं मोठ्यानं सांग. दुसऱ्याच्या मेजावर बसवलं तर बस. फोन पर्समध्ये, पुस्तक घरी. कुणी ‘एकलीच?’ म्हटलं तर ‘होय’ म्हण आणि पुढचा घास घे. नवरा कुठे, मुलं कुठे, कॉलेजला सुट्टी आहे का, यातलं काहीही सांगायचं नाही. शेवटची सोलकढी पिऊन होईपर्यंत उठायचं नाही.

एकदा नाही जमलं तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा जा. मार्चपर्यंत शुक्रवार पुष्कळ आहेत.

मग मला लिही. हुमण कसलं होतं, किसमूर होतं की संपलं होतं, शेजारी कोण बसलं होतं, सगळं लिही. या वेळी कंसात नको.