जास्त वेगात गाडी थरथरते, प्रोपेलर शाफ्ट बदलून फरक पडेल का?

पडेल, पण दोष शाफ्टचाच, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचाच आहे याची आधी खात्री करा. त्याच वेगात एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढूनही थरथर तशीच राहिली, तर कारण चाकं, टायर किंवा शाफ्टमध्ये आहे. चाकांचं बॅलन्सिंग पहिलं करा, मग युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) आणि सेंटर बेअरिंग (शाफ्टला मधे आधार देणारं बेअरिंग) ढिले आहेत का, हलवून बघा. नुसता जॉइंट झिजला असताना अख्खा शाफ्ट बदलणं मला पटत नाही.

बदलायचाच असेल तर शाफ्टची क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या फिरण्याच्या वेगाला तो स्वतःच वाकून जोरात थरथरू लागतो ती, विचारा. लांबी दुप्पट झाली की ती साधारण पावपट होते, व्यास वाढला की वाढते. त्याच व्यासाच्या ॲल्युमिनियमने ती फारशी वाढत नाही, जास्त व्यासाची नळी हवी. कार्बन फायबर सर्वात सरस, पण महाग. शाफ्ट डायनॅमिक बॅलन्सिंग केलेलाच, म्हणजे फिरवून तोल साधलेलाच घ्या.